खालून तिसरं पान

माझा थोरला मामा काय करतो असं कुणी विचारलं की मी पूर्वी सांगायचे, मक्याच्या संशोधन फार्मवर आहे. समोरचा मान डोलवायचा आणि विषय संपायचा. खरं सांगितलं तर विषय संपत नाही. खरं असं आहे की मामा मक्याला रोग लावतो. मुद्दाम. दर महिन्याला पगार घेऊन, गेली तीस वर्षं.

म्हणजे होतं असं की मक्याचं नवीन वाण लोकांच्या हातात द्यायच्या आधी त्याला करपा सोसतो की नाही हे बघावं लागतं. करपा म्हणजे पानांवर येणारी बुरशी. ती येईल तेव्हा येईल म्हणून बसून राहता येत नाही, म्हणून मामा गेल्या वर्षीची करपलेली पानं वाळवून ठेवतो, चुरतो, आणि रोपं गुडघ्याएवढी झाली की एकेका रोपाच्या पोंग्यात त्या चुऱ्याची एक चिमूट टाकत जातो. कोवळी पानं गुंडाळी होऊन उभी असतात ना वर, तो पोंगा. त्यात पाणी साठतं, बुरशीला आयतं घर. दिवसाला हजारेक रोपं, प्रत्येकाला एक चिमूट. मग थांबायचं. काही आठवड्यांनी ओळीओळीने फिरून मार्क द्यायचे, एक ते नऊ. एक म्हणजे पान स्वच्छ, नऊ म्हणजे मक्याचं अख्खं ताट, म्हणजे झाडच, उभ्या उभ्या वाळलं.

"शाळेच्या उलटं आहे," तो मला पहिल्याच दिवशी म्हणाला. "इथे कमी मार्क पडले की पास."

हा त्याचा एकुलता एक विनोद. पुढच्या चार महिन्यांत मी तो बारा वेळा ऐकला आणि बाराही वेळा हसले, कारण तो हसण्याची वाट बघत थांबायचा.

घरात सगळे त्याला बुरशीमामा म्हणतात. पाठीमागे. मला हॉस्टेलमध्ये जागा मिळाली नाही म्हणून आईने त्याच्याकडे धाडलं, आणि मी दुसऱ्याच दिवशी जेवताना, "बुरशीमामा, मीठ दे ना," असं म्हणून गेले. माझं तोंड असंच आहे, आधी उघडतं, मग मला कळतं. त्याने मीठ दिलं. "हे नाव कुणी ठेवलं?" एवढंच विचारलं. मी म्हटलं माहीत नाही. माहीत होतं. धाकट्या मामाने ठेवलं होतं.

फार्मच्या फाटकाला लागून कर्मचाऱ्यांची सहा घरं आहेत, त्यातली पाच बंद. लोकांनी शहरात घरं घेतली आणि मोटरसायकलवर ये-जा करतात. सहाव्या घरात मामा. दोन खोल्या, एक ओटा, एक खुर्ची. खुर्ची एकच आहे हे माझ्या तिसऱ्या दिवशी लक्षात आलं, कारण मी बसले की तो उभा राहून चहा प्यायचा आणि मला वाटायचं त्याला उभं राहायलाच आवडतं. मग मी पलंगावर बसायला लागले तर तो खुर्चीवर बसला, आणि अवघडला, जणू कुणाच्या तरी जागेवर बसलाय. भिंतीला टेकून पत्र्याची ट्रंक. खिडकीत रेडिओ. रेडिओवर हवामानाची बातमी लागली की तो तिच्याशी बोलतो. "नाही पडणार," "बघू," "काल पण हेच म्हणालीस." मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वाटलं फोन आलाय.

आणि बूट. फाटकाच्या आत एक पत्र्याची खोली आहे, तिथे एक फळी, फळीवर मामाचे कामाचे बूट. कामाचे कपडेही तिथल्याच खिळ्यावर. संध्याकाळी काम संपलं की तो तिथेच नळाखाली अंघोळ करतो, डोक्यावरून, थंडी असो नसो, दुसरे कपडे चढवतो आणि मग फाटकाबाहेर पाऊल टाकतो. घरी आला की रोज केस ओले. मला वाटलं सरकारी नियम असेल. एकदा राखणदाराला विचारलं तर तो विडी विझवत म्हणाला, "नियम कसला. साहेब लोक चिखलाच्या बुटानिशी गाडीत बसतात. हा एकटाच. सतरा वर्षं झाली, सर्दी झाली तरी सोडत नाही. मी म्हणतो, अहो, तुम्ही काय हॉस्पिटलातून येताय का."

मी मामाला विचारलं.

"बुरशीला पाय नसतात," तो म्हणाला. "आपले वापरते."

"पण वाऱ्याने पण जाते ना?"

"जाते."

"मग अंघोळीचा काय उपयोग?"

त्याने रेडिओचा आवाज वाढवला.

गावात तो दुकानात गेला की लोक बाजूला सरकतात. खरंखुरं घाबरून नाही, गंमत म्हणून, पण सरकतात. "आला रे आला, आपापला मका झाका." तोही हसतो. वर्षानुवर्षं तेच ऐकून माणूस कसा हसतो ते मी जवळून पाहिलं, फक्त तोंड हसतं. मग तो साबण घेतो, चहा पावडर घेतो आणि परत येतो, आणि येताना शेतांमधली जवळची पायवाट सोडून डांबरी रस्त्याने मोठा वळसा घेऊन येतो. कुणाच्या मक्याला त्याची बाही लागू नये म्हणून. वीस मिनिटं जास्त चालतो. रोज.

माझ्या सुट्टीच्या दिवशी मी त्याच्याबरोबर फार्मवर जायचे, कारण दुसरं करायला काही नव्हतं आणि खरं सांगायचं तर तो घरात जेवढा मुका तेवढा तिथे बोलका. त्याने मला बघायला शिकवलं. आधी मला सगळंच डाग वाटायचं. तो एक पान माझ्या हातात द्यायचा, "सांग."

"डाग आहेत."

"डाग तर तुझ्या शर्टावर पण आहेत. नीट सांग."

मग हळूहळू कळायला लागलं. पानावर तांबूस पुरळ असेल तर बोट फिरवायचं, बोटाला विटकरी पूड लागली तर तो तांबेरा. पूड लागत नसेल तर पान उन्हासमोर धरायचं. चट्टे शिरांच्या मधोमध अडकलेले, पट्टीने आखल्यासारखे चौकोनी असतील तर ते ठिपक्यांचं दुखणं, वेगळं. आणि करपा म्हणजे लांब, दोन्ही टोकांना निमुळता, होडीसारखा चट्टा, बोटाएवढा, कधी वीतभर. आधी राखाडी हिरवा, जणू तिथे गरम पाणी सांडलंय, मग वाळक्या गवताच्या रंगाचा. तो शिरा-बिरा जुमानत नाही, आडवातिडवा पसरतो. तरीही खात्री नसेल तर तुकडा ओल्या कागदात गुंडाळून झाकणाच्या डबीत एक रात्र ठेवायचा, सकाळी चट्ट्यावर काळसर लव दिसली की संपलं, करपाच.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पान कितवं. यावर मामा फार चिडायचा. मी नुसतं पान खुडून आणलं की म्हणायचा, "हे काय आहे?"

"पान."

"कितवं?"

"म्हणजे?"

"खालून कितवं. खालून तिसरं पान आणि कणसाजवळचं पान यात जमीन अस्मानाचा फरक आहे. खालून सुरू झालं तर घरातलं, वरून सुरू झालं तर बाहेरचं. कणसाजवळ पोचलं तर दाणा भरत नाही. नंबर नसलेलं पान म्हणजे कचरा."

घरातलं म्हणजे काय ते त्याने समजावलं. गेल्या वर्षीच्या मक्याची धसकटं, कापणीनंतर उरलेले बुडखे, रानात तशीच ठेवली, नांगरून गाडली नाहीत, आणि वर पुन्हा मकाच पेरला, तर बुरशी त्या धसकटांत जिवंत राहते. पाणी पडलं की चिखलाबरोबर उडून आधी खालच्या पानांवर बसते, मग पायरी पायरीने वर. वाऱ्याबरोबर दुसऱ्याच्या रानातून आली तर बहुतेक वेळा वरच्या, मधल्या पानांवर दिसते, आणि वारा ज्या बाजूने येतो त्या कडेला जास्त.

आता ट्रंकेचं सांगते. एकदा मला कात्री हवी होती. मामा कामावर होता. ट्रंकेत स्वेटर, एक जुनं घड्याळ, आणि खाली जाड वही. वहीत पानं दाबून ठेवलेली, मक्याची, वाळून कागदासारखी झालेली, प्रत्येकावर तो होडीचा चट्टा आणि खाली मामाचं बारीक अक्षर. "खालून दुसरं. ओढ्याकडचा कोपरा." "खालून तिसरं. ओढ्याकडचा कोपरा." "खालून तिसरं, बांधालगत, जवळ धसकटं." बावीस पानं. तारीख सतरा वर्षांपूर्वीची. शेवटच्या कागदावर पान नव्हतंच, नुसतं लिहिलेलं, "वरची कड, फार्मच्या बाजूची. स्वच्छ. एकही नाही."

संध्याकाळी मी विचारलं, "ही कुठली पानं?"

"आहेत एका रानातली." आणि वही परत ट्रंकेत, आणि ट्रंकेवर कुलूप, जे आधी नव्हतं.

मी आईला फोन केला. आईने आधी उडवून लावलं, मग एकदम सगळं सांगितलं, आईचं पण तोंड माझ्यासारखंच आहे. सतरा वर्षांपूर्वी आजोबांनी रान पहिल्यांदा धाकट्या मामाच्या हाती दिलं होतं. धाकट्याचं नुकतंच लग्न झालेलं, त्याला फार हौस होती, आणि आजोबांचा मनापासून विश्वास बसत नव्हता. त्या वर्षी करपा आला आणि अर्धं रान गेलं. फार्म तिथून तीन बस थांबे वर, वारा फार्मवरून खाली येतो. जेवायला बसलेले असताना आजोबा थोरल्याला म्हणाले, "तूच आणलंस. दिवसभर तेच हाताळतोस आणि तसाच घरात येतोस." धाकटा म्हणाला, "दादा, तू माझ्या रानात यापुढे पाय ठेवू नकोस." थोरला मामा ताटावरून उठला नाही, सगळं जेवला, हात धुतला आणि फार्मवरच्या घरात राहायला गेला. आजोबा वारले तेव्हा आला होता, पण घराबाहेरच्या बाकावरच बसला, आत ये म्हणायला कुणी गेलं नाही आणि तो आपणहून आला नाही.

"काही बोललाच नाही तो?" मी विचारलं.

"काय बोलणार. कदाचित त्यालाही वाटलं असेल की आपणच आणलं."

मी फोन ठेवला आणि त्या कुलपाकडे बघत बसले. त्याला वाटलं नव्हतं. त्याला माहीत होतं, बावीस पानं भरून माहीत होतं. तेव्हाच ओरडून सांगावंसं वाटलं, पण कुणाला सांगणार, घरात मी आणि रेडिओ.

नंतरच्या रविवारी मी धाकट्या मामाकडे गेले, मामीने बोलावलं होतं. दुपारी पाय मोकळे करायला रानात गेले. मका डोक्याच्या वर, अजून तुरे यायचे होते. आणि ओढ्याकडच्या कोपऱ्यात मला ती होडी दिसली. एक, मग दुसरी, मग नजर बसली की सगळीकडे.

धाकटा मामा म्हणाला, "खत कमी पडलंय. औषधाच्या दुकानवाल्याने सांगितलं. दोन पोती टाकतो की होईल हिरवं."

"मामा, हे खत नाही. करपा आहे."

"कुणी सांगितलं?"

मी पानाकडे बघत राहिले. मग त्यालाच कळलं कुणी शिकवलं असेल. तो म्हणाला, "तू अभ्यास कर हां पोरी," आणि विळा उचलून निघून गेला. गडगडाटी आवाजाचा, हसरा माणूस, पण हा विषय निघाला की आतून दार लागतं.

मी एक पान तोडलं, प्लास्टिकच्या पिशवीत घालून गाठ मारली आणि बसने परत आले. थोरल्या मामाने पिशवी हातात घेतली, न उघडता खिडकीपाशी धरली. त्याचा चेहरा बघून मला आपण काहीतरी भयंकर केलंय असं वाटलं.

"कुठलं?"

"त्यांच्या रानातलं."

"कितवं?"

मला आठवेना. दोन महिने तो घसा कोरडा करून तेच सांगत होता आणि मला खरंच आठवेना. मी कंबरेपाशी हात धरला, मग गुडघ्यापाशी.

"तुरे आलेत?"

"नाही."

"पोंगा मोकळा झालाय? वरून चाचपलं तर तुरा हाताला लागतो का?"

"मामा, मला नाही माहीत."

तो चिडला नाही. डबी काढली, कागद ओला केला, तुकडा ठेवला, झाकण लावलं. सकाळी भिंगातून बघायला मला बोलावलं. चट्ट्यावर काळसर लव आली होती, बाळाच्या डोक्यावरच्या जावळासारखी. मामाने डबी बंद केली आणि बोटांवर मोजलं. "तुरे निघायला आठ दिवस. फार तर दहा. त्या आत कणसाजवळच्या पानापर्यंत पोचलं तर कणसं पोकळ राहतील. आणि तो खत घालतोय." एवढं बोलून तो कामावर गेला, आणि राखणदाराने मला नंतर सांगितलं की त्या दिवशी त्याने एका ओळीला मार्कच दिले नाहीत, तसाच पुढे गेला.

मी मामीला फोन केला. धाकट्या मामाला नाही, मामीला. मी म्हटलं, "मामी, एकदा येऊन बघू दे थोरल्या मामाला. नुसतं बघेल आणि जाईल." पलीकडे बराच वेळ भांड्यांचा आवाज आला. मग मामी म्हणाली, "मी बघते." दुसऱ्या दिवशी तिचा फोन, "ये म्हणावं. हे काही बोलले नाहीत. नाही पण म्हणाले नाहीत."

मामाने तीन दिवसांची रजा टाकली. राखणदार म्हणाला ऑफिसात अर्जाचा कागद कुठे असतो हेच कुणाला आठवेना. दोन दिवस तो फार्मच्या फाटकाच्या आत गेलासुद्धा नाही, दोनदा अंघोळ, नखं कापली, केस कापून आला. मला पैसे देऊन म्हणाला, "माझ्या मापाचे कपडे आण. कोरे. आणि बूट." मी बूट एक नंबर मोठे आणले. त्याने आत कागद कोंबला. कोऱ्या कपड्यांच्या घड्या तशाच, तो बसमध्ये माझ्या शेजारी ताठ बसला होता, हात मांडीवर, कशाला लागू नयेत असे.

धाकटा मामा बांधावर उभा होता. सतरा वर्षांनी दोन भाऊ त्या रानात समोरासमोर, आणि पहिलं वाक्य काय, तर "बस वेळेवर आली का."

"आली."

"बरं."

थोरल्या मामाने बांधाशी थांबून विचारलं, "येऊ का आत?"

"ये."

तो वाकडातिकडा चालत गेला, नागमोडी, पाच ठिकाणी थांबून, प्रत्येक ठिकाणी दहा ताटं. खाली बसून खालची पानं, उभं राहून कणसाची जागा, मग वर. मला आकडे लिहायला सांगितले. वरच्या कडेला, फार्मच्या बाजूला, काही नाही. मधे थोडं. ओढ्याच्या कोपऱ्यात दहातल्या नऊ ताटांना, सगळं खालच्या चार पानांवर, कणसाच्या जागेच्या खाली. तिथे जमीन सखल आहे, दव दुपारपर्यंत निघत नाही. आणि दोन ओळींच्या मधे गेल्या वर्षीची धसकटं, राखाडी, उभीच्या उभी. मामाने बुटाने एक हलवलं.

बाहेर येऊन त्याने सांगितलं, अगदी फार्मवर सांगतो तसं. "खत नको, त्याने काही होणार नाही. बुरशीनाशक, पानात शिरणारं. डब्यावर लिहिलंय तेवढंच, जास्त नाही. परवा सकाळी, दव उतरल्यावर. कणसाच्या वरची आणि खालची पानं नीट भिजायला हवीत, शेंड्यावर नुसतं उडवून उपयोग नाही. वाचेल. वेळेत आहे. पुढच्या वर्षी इथे मका नको, दुसरं काहीतरी घे. धसकटं नांगरून गाड. आणि वाण बदल, मी नाव लिहून देतो."

धाकटा मामा पायाच्या अंगठ्याने ढेकूळ फोडत होता. "वारा वरून येतो," तो म्हणाला. "फार्मवरून."

थोरला मामा म्हणाला, "हो. येतो."

एवढंच. हो, येतो. तो ते पुन्हा अंगावर घेणार होता आणि कोऱ्या बुटांनी बसथांब्यावर जाणार होता, आणि मला ते सहन झालं नाही, मी बोलले. हातात आकड्यांचा कागद होता, तोच धाकट्या मामापुढे केला. "मामा, वाऱ्याने आलं असतं तर वरच्या कडेला असतं. तिथे एक चट्टा नाही. सगळं खालच्या पानांवर आहे, धसकटांतून आलंय. आणि त्या वेळी पण असंच होतं. याच्याकडे पानं आहेत तेव्हाची, बावीस, ट्रंकेत, सगळी खालून दुसरी आणि तिसरी, सगळी याच कोपऱ्यातली. याने आणलं नव्हतं."

मक्याचा आवाज येत होता, पानावर पान घासल्याचा. धाकट्या मामाने कागद घेतला, पण बघितला नाही.

"दादा," तो म्हणाला. "तुला तेव्हा माहीत होतं?"

थोरला मामा माझ्याकडे बघत होता. त्याने तसं माझ्याकडे आधी कधी बघितलं नव्हतं. मग भावाला म्हणाला, "परवा सकाळी. दव उतरल्यावर," आणि चालायला लागला. मी मागोमाग. धाकटा मामा तिथेच उभा, हाक मारेल असं मला वाटत होतं, शेवटच्या वळणापर्यंत वाटत होतं.

घरी आल्यावर दोन दिवस मामा माझ्याशी बोलला नाही. ओरडला असता तर बरं. जेवण करायचा, माझं ताट झाकून ठेवायचा. तिसऱ्या दिवशी मीच रडले, ओट्यापाशी उभी राहून, भांडी घासताना. तो खुर्चीवर होता.

"खरं तेच बोललीस," तो म्हणाला. "पण ते तुझं नव्हतं बोलायचं."

"पण तू का नाही बोललास? सतरा वर्षं?"

त्याने चष्मा पुसला. "बाबांनी पहिल्यांदाच त्याच्या हातात दिलं होतं. त्याने धसकटं ठेवली, घाई केली. मी सांगितलं असतं तर बाबांनी रान काढून घेतलं असतं. मग त्याने काय केलं असतं? मला फार्म होता." चष्मा लावून म्हणाला, "वाटलं होतं बाबा गेल्यावर सांगू. मग बाबा गेले. तोवर त्याला सवय झाली होती."

"कशाची?"

"मी नसण्याची."

मी वळून बघितलं तर तो भिंतीकडे बघत होता.

फवारणी झाली, मामीने कळवलं. धाकट्या मामाने फोन केला नाही. आठवडा गेला. थोरला मामा कामावर परतला, फळीवरचे जुने बूट, नळाखालची अंघोळ, केस ओले. मी एकदा म्हटलं, "आता तरी कशाला करतोस हे?" तो म्हणाला, "आता न करून काय करू, सवय आहे."

मग एका संध्याकाळी त्याच्या फोनवर आवाज झाला. त्याच्या फोनवर संध्याकाळी कधीच आवाज होत नाही. धाकट्या मामाने फोटो पाठवला होता. पान. शब्द एकही नाही, फक्त खाली आकडा, ७. मला कळेना, मामाला लगेच कळलं. खालून सातवं. कणसाजवळचं. त्याने फोन डोळ्यांजवळ नेला, लांब नेला, पुन्हा जवळ नेला. मग एका बोटाने, फार सावकाश, टाइप केलं, २. आणि पाठवलं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा. कितवं पान ते धाकटा लिहितो, मार्क थोरला लिहितो. ६, मार्क ३. ७, मार्क २. ८, मार्क १. कसा आहेस नाही, ये नाही, माफ कर तर नाहीच. मी म्हणायचे, "काहीतरी लिही ना मामा, एक वाक्य." तो म्हणायचा, "विचारलंय तेवढ्याचं उत्तर दिलं." पण संध्याकाळी सहा वाजले की रेडिओ बंद असायचा. अंघोळ लवकर व्हायची. फोन ट्रंकेवर उभा करून ठेवलेला, आणि तो खुर्चीत, कामाशिवाय.

माझी परीक्षा संपली, मी बॅग भरत होते. मका पिवळा पडायला लागला असणार, कणसं भरली होती, मामीने सांगितलं होतं. फोन वाजला. पान होतं, वाळत आलेलं, कितवं ते लिहिलेलं नव्हतं. मामा इतका वेळ बघत बसला की मी खांद्यावरून डोकावले. त्याने फोटो बोटांनी मोठा केला होता. पण पान मोठं केलं नव्हतं. पान धरलेला अंगठा मोठा केला होता, नखावर आडवी जुनी खूण.

"हे माझ्यामुळे झालंय," तो म्हणाला. "मी विळा धरला होता. तो पाच वर्षांचा होता. रडला नाही, मला म्हणाला, बाबांना सांगू नकोस."

"मग तू?"

"नाही सांगितलं."

मी बॅगेची चेन लावली. बसला अजून अर्धा तास होता. तो खुर्चीतच बसलेला, फोन हातात, स्क्रीन विझली की बोटाने पुन्हा उजळवत होता. नंबर नसलेलं पान, त्याच्या भाषेत कचरा. मार्क त्याने पाठवले नाहीत. मी निघाले तेव्हाही तो काय लिहायचं याचा विचार करत होता.